कोयता चालू हाय

दिवाळीच्या पणत्या अजून ओट्यावरून उचलल्यासुद्धा नाहीत आणि वडवणीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर लागले. प्रत्येकाला मागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर अख्खी बिऱ्हाडं. ताडपत्री, पिठाचे डबे, पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. सहा महिन्यांसाठी गाव उचलून दुसरीकडं ठेवायला निघाल्यासारखी. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आमच्या बीड जिल्ह्यातली गावं अशी निम्मी होतात. मी गच्चीवर उभी होते, कारण आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला खेटून राहिलं तरच मिळते. खाली ट्रॅक्टर धडधडत होते आणि कानात पुण्याहून अनिकेत बोलत होता, "इरावतीचं मोटिव्हेशन कमी पडतंय."

भाऊबीजेच्या दिवशी मीटिंग! यांना ना सण ना वार.

मी टीव्हीच्या मालिका लिहिते. सध्या जी लिहितेय ती अंतराळातली आहे. 'दीपमाळ' नावाचं यान, त्यात चारशे माणसं, एक कप्तान, आणि त्याची उपकप्तान इरावती. अकरा वर्षं ही बाई त्याच्या शब्दाबाहेर गेलेली नाही. मग एक दिवस यानाला भोक पडतं, हवा संपायला लागते आणि कप्तान हुकूम देतो की तळमजल्याचं दार बंद करा. तळमजल्यावर साठ कामगार आहेत. इरावती दाराच्या कळीसमोर जाऊन उभी राहते आणि म्हणते, नाही. झालं, हेच बंड. आमचा अनिकेत, म्हणजे लेखकांचा प्रमुख, त्याला हे पटत नव्हतं.

"खाली तिचं कोण आहे? कुणीच नाही. मग ती का अडवते? प्रेक्षक विचारणार. तिचा प्रियकर टाक ना खाली. किंवा असं कर, कप्तानानं तिची बढती डावललेली असते, जुना राग असतो. काहीतरी कारण दे बाई!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "साठ माणसं मरतायत, हे कारण नाही?"

"ते झालं जनरल. पर्सनल दे. संध्याकाळी सहापर्यंत सीन पाठव, उद्या शूट आहे. जुई, लिहून घेतलंस ना?"

जुई आमच्याकडं नवीन लागलेली मुलगी. मीटिंगमध्ये नोंदी घेते, चहा सांगते आणि सगळ्यांच्या सीनमधलं शुद्धलेखन दुरुस्त करते. ती "हो सर" म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी टाकीला टेकून तशीच उभी राहिले. उचलली जीभ लावली टाळ्याला! खाली कोण लागतं तुझं? हा प्रश्न मी याआधी एकदा ऐकला होता, जवळजवळ याच शब्दांत. तेव्हा समोर यान नव्हतं, ट्रक होता.

त्या वर्षी मी सतरा वर्षांची होते. दहावी पास झाले होते, चांगल्या मार्कांनी, आणि पावसाळ्यात माझे वडील गेले. ऊसतोडीत माणसं एकेकटी मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुतेक नवरा-बायको. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं पाचट काढून मोळ्या बांधायच्या, गाडी आली की दोघांनी डोक्यावरून वाहायचं. वडील गेले आणि आईचा कोयता मोडला. मग त्यांच्या जागी मी उभी राहिले. आई आणि मी मिळून एक कोयता. टोळीच्या वहीत एकच ओळ, एकच नाव, तेही वडिलांचं. मेलेल्या माणसाच्या नावानं आम्ही दोघी सहा महिने ऊस तोडला.

कृष्णाकाठचा तो हंगाम माझ्या अंगात अजून आहे. पहाटेच्या दहिवरानं ओला झालेला ऊस, त्याचं पान मानेवर लागलं की बारीक चर्र व्हायचं आणि घाम आला की तिथंच झोंबायचं. हात रसानं असे चिकट, की भाकरी तोडताना बोटं एकमेकांना सोडायची नाहीत. दुपारी वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा आंबूस वास उसाच्या फडात यायचा, आणि बायका म्हणायच्या, आला बघा मालकाचा अत्तराचा फाया. हसायच्या. मीही हसायचे. मला ते दिवस वाईट गेले असं म्हणताच येत नाही, हीच तर पंचाईत आहे. संध्याकाळी कोपीपुढं, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीपुढं, चूल पेटायची आणि शेवंता माझ्या डोक्यातलं पाचट वेचून द्यायची. शेवंता शेजारच्या कोपीतली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आठवा महिना लागलेला, आणि बडबड अशी की ऊससुद्धा कंटाळावा.

आणि किसनमामा. आमचा मुकादम, म्हणजे टोळी गोळा करून नेणारा माणूस. आईचा सख्खा भाऊ नव्हे, पण आई त्याला दर भाऊबीजेला ओवाळायची. मुकादम म्हटलं की लोकांना मिशीला पीळ देणारा राक्षस दिसतो. किसनमामा तसा नव्हता. वडील गेले तेव्हा पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंत आमच्या दारात बसून होता. फडात कुणाला ताप आला तर स्वतःच्या अंगावरची शाल द्यायचा. आणि त्यानं मला शब्द दिला होता, "पोरी, पट्टा पडला की मी सोता तुला अंबाजोगाईला नेतो. तितल्या वसतिगृहाच्या बाई माझ्या वळखीच्या हायेत. तुझं नाव घालूनच माघारी यीन." पट्टा पडणं म्हणजे कारखाना बंद होणं, हंगाम संपणं. मी पट्टा पडायच्या दिवसाकडं डोळे लावून ऊस तोडत होते. प्रत्येक मोळी बांधताना मला अंबाजोगाईची ती खोली दिसायची, मी कधीही न पाहिलेली. लोखंडी खाट, खिडकी, आणि माझ्या एकटीच्या नावानं हजेरी.

तो दिवस माघातला. गाडी भरायची होती. ट्रक फडात लागलेला, मागं तिरपी फळी, आणि डोक्यावर मोळी घेऊन एकामागं एक आम्ही वर चढायचो. शेवंता सकाळपासून कण्हत होती. बांधावर वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, सावलीत तिला निजवलं होतं. दुपारी आई मोळी टाकून तिच्याजवळ जाऊन आली आणि थेट किसनमामापुढं उभी राहिली.

"किसन, गाडी सोड. हिला दवाखान्यात घालवाय पायजे. लई दुखायलंय. अंगावर जायलंय तिच्या."

"अक्का, निम्मी गाडी हाय. निम्मी गाडी घेऊन कारखान्यावर काय तोंड दाखवू? दोन घंटे थांब. भरली की तिला केबिनमंदी बसवून मीच नेतो."

"दोन घंट्यात काय बी हुईल."

"आगं, तुझी ती कोण लागती? तिचा नवरा गप हाय, आन् तू कावून वरडायलीस?"

"कुणी लागावंच लागतं व्हय?"

एवढंच. मग आईनं डोक्यावरची चुंबळ काढली, फळीच्या पायथ्याशी टाकली आणि तिच्यावर बसली. ओरडली नाही, रडली नाही. गुडघे जवळ घेतले, पदर नीट केला आणि बसली. माझी आई, जी त्या टोळीत मामाचा उजवा हात होती. कुणी कुरकुर केली तर "खाल्ल्या मिठाला जागावं" म्हणून त्यांनाच दटावणारी. ती बसली, तशा मागच्या सगळ्या जागीच थांबल्या. डोक्यावर मोळ्या तशाच. अकरा कोयते उभे. फडात इतकी शांतता झाली की शेवंताचं कण्हणं सगळ्यांना ऐकू आलं.

किसनमामानं आईला शिवी दिली नाही. हात उगारला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. अगदी मायेनं बघितलं, हे मी आज इतक्या वर्षांनी शपथेवर सांगते. आणि विचारलं, "पोरी, तुमचा कोयता बंद पडला, का चालू हाय?"

मी आईनं टाकलेली मोळी उचलली. डोक्यावर घेतली. ती वाटेतच बसलेली, म्हणून तिच्या गुडघ्याला वळसा घालून फळीवर चढले. मोळीतलं पाचट तिच्या डोक्यावर पडलं. तिनं ते झटकलं नाही.

"चालू हाय मामा," मी म्हणाले.

"कोयता चालू हाय!" मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "चला! दत्त्या, बघत काय ऱ्हायलास बे? तुझीच बायकू हाय. भर लवकर, म्हंजी लवकर निघू." आणि शेवंताचा नवरा दत्ता, तोही वाकला आणि त्यानं मोळी उचलली. मग त्याच्या मागची बाई निघाली. मग तिच्या मागची. सगळे आईला वळसा घालून, एकेक करत.

वहीच्या हिशेबानं आईचं बंड झालंच नाही. कोयता बसलाच नव्हता ना. अर्धा बसला, अर्धा चालत होता, आणि वहीत अर्ध्याला जागा नव्हती.

मी त्या दिवशी झपाटल्यासारख्या मोळ्या वाहिल्या. मी स्वतःला सांगत होते की जितकी लवकर गाडी भरेल तितकी लवकर शेवंता निघेल. खोटं नव्हतं ते. हिशेब अगदी बरोबर होता. जगातली सगळी इमानदार माणसं बहुतेक हाच हिशेब करत असतील. दिवस मावळायला गाडी निघाली. मामानं शब्द पाळला, शेवंताला केबिनमध्ये बसवलं, स्वतः सोबत गेला. शेवंता वाचली. बाळ गेलं. दोन तास आधी नेलं असतं तर राहिलं असतं का, हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आठ दिवसांनी शेवंता पुन्हा फडात उभी राहिली, पण संध्याकाळी माझ्या डोक्यातलं पाचट वेचायला आली नाही.

आणि पट्टा पडल्यावर मामानं दुसराही शब्द पाळला. मला अंबाजोगाईला नेलं, वसतिगृहाच्या अर्जावर पालक म्हणून सही केली, येताना मला रसवंतीवर उसाचा रस पाजला. मी तो प्यायले! घोट घोट करत, बर्फ चावून खात प्यायले.

हे सगळं आठवून मी गच्चीवर लॅपटॉप उघडला आणि सीन पुन्हा वाचायला घेतला. म्हटलं, बघू तर खरं इरावतीत काय कमी पडतंय. इरावती कळीसमोर उभी आहे. कप्तान हुकूम देतो. इरावती म्हणते, नाही. आणि त्याच्या खाली मीच, माझ्या हातानं, महिन्यापूर्वी लिहिलेली ओळ होती: 'क्रू मेंबर ३ बाजूनं पुढे येते आणि दुसरी कळ दाबते. दार बंद होतं.'

मी ती ओळ चारदा वाचली.

सात मीटिंगा झाल्या या सीनवर. इरावतीनं नाही का म्हटलं, यावर सात मीटिंगा! तिच्या लहानपणीपर्यंत खणून झालं. आणि ज्या पोरीनं साठ माणसांवर दार लावलं, तिनं का लावलं, हे एकानंही विचारलं नाही. तिला नावसुद्धा नाही. अनिकेतला काय बोलू, लिहिणारी तर मीच होते. नाही म्हणणाऱ्याला आपण दारात अडवतो, कागद मागतो, तुझं खाली कोण आहे ते दाखव म्हणतो. हो म्हणणारा मात्र सरळ आत जातो. इमानाला कारण लागत नाही, ते आपलं जन्मजात, पवित्र वगैरे. कसलं पवित्र? माझं इमान एका लोखंडी खाटेसाठी होतं.

खाली आले तर आई ताट करत होती. निरांजन, सुपारी, हळदकुंकू, चार करंज्या. आता ती फडावर जात नाही, मीच बंद केलं. ताटाशेजारी एक किल्ली पडली होती. शेवंताची. ती याही वर्षी निघालीय, सकाळीच ट्रॉलीवरून उतरून किल्ली देऊन गेली. दर हंगामाला तिच्या घराची किल्ली आईकडं असते, गावात तिचे सख्खे दीर असताना. मी गच्चीवर होते, मला तिनं हाक मारली नाही.

"कुठं निघालीस?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"किसनकडं. भाऊबीज न्हाई का."

माझा संताप संताप झाला. मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, त्या माणसाला ओवाळतेस? लाज नाही वाटत? शेवंताची किल्ली एका हातानं घेतेस आणि दुसऱ्या हातानं त्याला टिळा लावतेस? "किती वर्षं झाली, दर साली जातीस! सोडून दे की त्याला एकदाचं!"

आईनं वात सारखी केली. हाताचं तेल केसांना पुसलं.

"त्याला सोडायचं मनलं तर तुला बी सोडावं लागंल," ती म्हणाली. "त्यो काय एकलाच हुता व्हय?"

इतकी वर्षं आम्ही दोघी त्या दुपारबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. मला वाटायचं ती विसरली, किंवा मला माफ केलं, किंवा तिला ते एवढं लागलंच नाही. आपल्याला सोयीचं असतं तेच वाटतं माणसाला.

"आई, त्या दिवशी तू कावून बसलीस?" मी विचारलं. इरावतीसाठी नाही. आईशपथ, इरावती डोक्यातही नव्हती तेव्हा.

"कावून मंजी? पोरगी मराय टेकलीती."

"आगं पण तू एकटी बसून काय होणार होतं? एका बाईनं गाडी थांबती का?"

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मला राग असता तर परवडला असता.

"एकली कुटं बसलेते मी? मला वाटलं, माझ्या मागून तू बसशील. आपला कोयता पुरा बसला आस्ता तर मागचे बी बसले आस्ते. तुझ्याकडंच बघत हुते मी. तू आलीस बी, वाकलीस बी. मला वाटलं, बसायलीस."

"मग सांगायचं ना गं मला! एक शब्द बोलायचा. बस म्हणायचं!"

"ते काय सांगायचं आस्तं?" आई म्हणाली, आणि ताटावर रुमाल टाकून निघून गेली.

रस्त्यावरून ट्रॅक्टर जातच होते. त्यांच्या मागच्या कुठल्या तरी ट्रॉलीत कुणी सतरा वर्षांची बसलेली असणार, आणि तिला कुणीतरी काहीतरी शब्द दिलेला असणार. हाक मारली नाही म्हणून मला शेवंताचा राग आला नाही, मामाचा आला, पण तोही नीट येईना. सगळा फिरून माझ्याच अंगावर येत होता. शिक्षण घेतलं, पुस्तकं वाचली, अन्यायावर भाषणं ठोकली, बंडखोर बायकांची पात्रं लिहून टाळ्या घेतल्या. आणि हे सगळं उभं कशावर आहे, तर आईच्या गुडघ्याला घातलेल्या एका वळशावर.

मग मी गच्चीवर गेले आणि सीन लिहिला. इरावतीला एकही कारण दिलं नाही. तिचं 'नाही' तेवढं ठेवलं. क्रू मेंबर ३ ला मात्र नाव दिलं, वय दिलं, आणि कप्तानानं तिला दिलेलं एक वचन दिलं, की परतल्यावर तुला वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली मिळेल. ती कळ दाबायला जाते तेव्हा तिला इरावतीला वळसा घालून जावं लागतं, हेही लिहिलं. साडेपाचला पाठवला.

पावणेसहाला अनिकेतचा फोन. "हे काय पाठवलंयस? मी काय मागितलं होतं? त्या एक्स्ट्राची कसली स्टोरी सांगतेस! प्रेक्षकाला तिचं काय पडलंय? प्रियकर घाल आणि परत पाठव."

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मी दुसरं काही लिहिणार नाही."

तो चिडला नाही. तो हसला, अगदी समजूतदारपणे. "ठीक आहे गं, सणाचं टेन्शन नको घेऊस. जुई लिहील. शूट काही थांबत नाही."

फोन बंद झाला. शूट काही थांबत नाही. कोयता चालू हाय. मी त्या टाकीवर हाताची मूठ अशी आपटली की दोन बोटं सुजली.

दहा मिनिटांनी जुईचा फोन आला. "ताई, मला सरांनी तुमचा सीन लिहायला सांगितलाय. म्हणाले, पहिल्यांदा नाव लागेल माझं, टायटलमध्ये. तुमचाच सीन आहे म्हणून विचारते, लिहू ना? तुम्हाला राग नाही ना येणार?"

खाली फाटक वाजलं. आई परत आली होती. ताट ओट्यावर ठेवून, गुडघे जवळ घेऊन पायरीवर बसली, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॉल्यांकडं बघायला लागली.

"ताई? आहात ना?"

मी टाकीला पाठ लावली आणि खाली बसले. जुईशी मी नेहमी पुण्याच्या भाषेत बोलते, पण तोंडातून माझीच भाषा आली.

"जुई, मी बसलेय," मी म्हटलं. "तू बी बस."